होईल म्हणणारी माणसं

५ ऑगस्ट

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार गृहीत धर. मी सध्या अशा खोलीत राहते की साष्टांग घातला तर पाय दाराबाहेर जातील. तू फोन कानाला लावत नाहीस, म्हणून हा कागद.

नोकरी लागली. बाबांनी तुला सांगितलंच असेल, आणि अर्धंच सांगितलं असेल. पूर्ण हुद्दा असा आहे : शिकाऊ सेल्स इंजिनिअर. कंपनी कारखान्यांसाठी पाणी थंड करणारी यंत्रं बनवते, त्यांना चिलर म्हणतात. यंत्रं बनवणारे पलीकडच्या इमारतीत बसतात. तिकडे जायचं तर आम्हांला परवानगी लागते. आपण काय विकतो ते जवळून पाहिलं तर माणूस बिघडतो, अशी इथे समजूत असावी.

चार वर्षं उष्णतेची गणितं करून झाल्यावर मी पहिल्या आठवड्यात काय शिकले? हात कसा मिळवायचा. दुसऱ्या आठवड्यात एका बाईंनी सगळ्यांना आरशासमोर उभं करून हसायला शिकवलं. माझं हसू धमकीसारखं वाटतं म्हणाल्या. मी म्हटलं, आत्याकडून आलंय.

आमचे साहेब गोरेगोमटे, इस्त्रीचे, अत्तराचे. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. 'हे यंत्र छपरावर चालेल का?' होईल. 'आवाज कमी होईल का?' होईल. मी त्यांना होईलसाहेब म्हणते, अर्थात मनात. उद्या कुणी विचारलं की यंत्राला पोरंबाळं होतील का, तरी ते तेच म्हणतील.

तू नाक मुरडलेलं मला इथून दिसतंय. डिझाइनमध्ये कुठेच जागा नव्हती. वर्गातले निम्मे घरी बसून आईच्या हातचं खातायत. मी निदान स्वतःच्या हातचं करपलेलं खाते.

तुझी,
टिटवी


१४ ऑगस्ट

चि. टिटवी,

आशीर्वाद आहेत. ते दरवेळी लिहून द्यायला मी मंत्री नाही.

तुझा बाप सगळ्यांना सांगत फिरतोय, पोरगी इंजिनिअर म्हणून लागली. विक्रीचं तो गाळतो. लहानपणी प्रगतिपुस्तकातलं गणितही असंच गाळायचा.

मी तीस वर्षं डिझाइन खात्यात टाक्या काढल्या. दाबाच्या, तेलाच्या, आम्लाच्या. त्या तीस वर्षांत विक्रीखात्यातला एकही मनुष्य नकाशा सरळ धरताना मी पाहिला नाही. उलटा धरायचे आणि मान डोलवायचे. गिऱ्हाइकाला वचन देऊन यायचे आणि मग आमच्या दारात उभे राहायचे, 'बाई, एवढं जमवाच.' वचन त्यांचं, जागरण आमचं, आणि जेवणावळी पुन्हा त्यांच्याच. गळ्यात मारणं या कलेला पदवी लागते हे मला आजच कळलं.

माझ्या जुन्या खात्यात पुढच्या वर्षी दोन माणसं निवृत्त होतायत. मी शब्द टाकून ठेवते. तोवर कर हे दारोदार. मात्र एक अट. जे यंत्र विकशील त्याचं गणित मला पाठवायचं. लाल पेन अजून वाळलेलं नाही.

हसण्याचं म्हणशील तर माझ्या हसण्याला आजवर एकानेही धमकी म्हटलेलं नाही. कुणी तितका वेळ समोर थांबलाच नाही.

आत्या


२ नोव्हेंबर

ती. आत्या,

पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं. पावाचा मोठा कारखाना. पीठ मळायला थंड पाणी लागतं, आणि मळायच्या भांड्यांभोवतीही थंड पाणी फिरवावं लागतं, नाहीतर पीठ वेळेआधी फुगतं.

मालक दोन भाऊ. थोरले काचेच्या खिडकीच्या ऑफिसात बसतात, धाकटे खाली मिक्सरांपाशी असतात. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. वर्षानुवर्षं. का, ते कारखान्यात कुणालाच ठाऊक नाही, बहुधा त्या दोघांनाही नाही. परवा तिघेही एका टेबलाशी बसलो होतो. थोरले मला म्हणाले, ''यांना विचारा, मळणी दुपारी किती वाजता संपते.'' मी 'यांच्या'कडे वळले. ते हाताच्या अंतरावर होते. ते म्हणाले, ''त्यांना सांगा, ती वीस वर्षं एकाच वेळेला संपतेय.'' मी पुन्हा वळले. पदवीच्या परीक्षेत मान इतकी दुखली नव्हती.

धाकटे पाववाल्यांच्या संघटनेचे चिटणीसही आहेत. हे मला नोटीस बोर्डावरून कळलं. आमच्या होईलसाहेबांना बोर्ड वाचायची सवय नाही.

आता मुद्दा. आमच्याकडे यंत्रं 'टना'वर विकतात. टन म्हणजे वजन नाही, थंडावा देण्याची ताकद. माझ्या हिशेबाने त्यांना बारा टन लागतं, म्हणजे आमचं पंधराचं मॉडेल. साहेब म्हणतात दहाचं दे. दुसऱ्या कंपनीने दहाचंच सांगितलंय, पंधरा ऐकलं तर थोरले बिचकतील. मी म्हटलं, ''पण सर, उन्हाळ्यात पुरणार नाही.'' ते म्हणाले, ''एकदा यंत्र आत जाऊ दे. होईल.''

गणित सोबत पाठवते. चूक काढच. काढल्याशिवाय तुला झोप लागायची नाही.

टिटवी


१० नोव्हेंबर

चि. टिटवी,

चूक काढली. कष्ट पडले नाहीत, ती दारातच उभी होती.

तू पाण्याची उष्णता धरलीस, पिठाची धरलीस, हवेची धरलीस. मळण्याची कुठे आहे? एवढा मोठा मिक्सर पीठ घुसळतो तेव्हा पीठ घर्षणाने तापतं. तुला हे माहीत नाही, कारण जन्मात कणीक मळली नाहीस. मलाही माहीत नव्हतं, त्याच कारणाने. मी पुस्तकात पाहिलं. चौदाच्या वर जातं. पंधराचं यंत्र म्हणजे अगदी काठोकाठ. दहाचं दिलंस तर उन्हाळ्यात त्या भावांना बोलायला विषय मिळेल.

तुझा साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. शेळ्या मेल्या तर तो उंट बदलेल. तू खाली आहेस हे ध्यानात ठेव.

दहाचं विकू नकोस. हा सल्ला नव्हे.

आत्या


२८ डिसेंबर

ती. आत्या,

घाईत लिहितेय. ऑर्डर मिळाली! यंत्र बसलंसुद्धा. चाचणीला दोघे भाऊ हजर होते. पाणी बर्फासारखं आलं. थोरल्यांनी टाळ्या वाजवल्या, धाकट्यांनी नुसता हात बुडवून पाहिला. ऑफिसात सगळ्यांसमोर मला एक ढाल दिली, प्लास्टिकची आहे पण दुरून लाकडाची वाटते. या वर्षीच्या शिकाऊंमध्ये ऑर्डर आणणारी मी पहिली.

आणि एक सांगू? तुमचं डिझाइन खातं बंद खोलीत बसून लोकांच्या चुका काढतं. दोन अबोल माणसांना एका कागदावर सह्या करायला लावणं हेही काम असतं. त्याला सूत्र नाही म्हणून ते हलकं होत नाही. तू कधी कुणाच्या दारात तासभर बसून राहिली आहेस, तो मनुष्य आत आहे हे माहीत असताना?

थंडी छान पडलीय. तब्येतीला जप.

टिटवी


६ जानेवारी

टिटवी,

तुझ्या पत्रात टाळ्या आहेत, ढाल आहे, थंडी आहे, माझ्या तब्येतीची काळजी आहे. यंत्र किती टनांचं, ते नाही.

चिलरची चाचणी थंडीत घेणं म्हणजे छत्रीची परीक्षा घरात घेणं.

तू माझ्याशी खोटं बोलली नाहीस. गाळलंस. बापावर गेलीस.

आत्या


११ एप्रिल

आत्या,

तीन महिने तुला लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस, आणि तुझ्या न लिहिण्यातही लाल पेन दिसत होतं.

दहाचं दिलं. कागदावर सही माझी आहे. साहेब म्हणाले, पहिली ऑर्डर आहे, तुझंच नाव लागू दे. मला वाटलं, केवढा मोठेपणा.

गेल्या सोमवारी ऊन चढलं. सकाळी दहानंतर यंत्र धापा टाकायला लागलं. पाणी कोमट झालं, पीठ भांड्यातच फुगायला लागलं, आंबलं. चार घाण्यांचं पीठ फेकून द्यावं लागलं. मी पोचले तेव्हा ते मागच्या अंगणात पिंपात टाकलेलं होतं, आणि तिथेही फुगत होतं. झाकण उचलून बाहेर आलं होतं. माणसं फावड्याने आत ढकलत होती, ते पुन्हा वर येत होतं. मला वाटलं, हे आता रस्त्यावर येणार आणि माझ्या खोलीपर्यंत येणार.

होईलसाहेब आले नाहीत. ''तू जा, तुझं त्यांच्याशी छान जमतं.''

थोरले ओरडले. ते बरं वाटलं. धाकटे पिठाचे हात पुसत शांतपणे आले आणि म्हणाले, ''मॅडम, एक विचारू? तुम्हांला आधी ठाऊक होतं का?''

मी म्हटलं, ''होतं.''

''मग हिवाळ्यात आमच्या खुर्चीत बसून बिस्किटं खाताना का नाही बोललात?''

ते दोन पावलं गेले, परत आले. ''बरं, निदान आत्ता तरी नाही म्हणाला नाहीत,'' म्हणाले, आणि मिक्सरकडे गेले. त्यांनी ओरडायला हवं होतं.

आता साहेबांना माझ्याकडून अहवाल हवाय. त्यात लिहायचं की कारखान्याची दारं उघडी राहतात, म्हणून गरम हवा आत येते, म्हणून यंत्र कमी पडतं. चूक गिऱ्हाइकाची. मी विचारलं, ''सर, पावाच्या कारखान्याची दारं बंद ठेवली तर पाव बाहेर कसा जायचा?'' ते म्हणाले, ''तू तांत्रिक फार बोलतेस.''

तुझ्या खात्यातली जागा अजून आहे का? मी येते. जे म्हणशील ते कबूल. उलटा नकाशा धरणाऱ्यांत मला राहायचं नाही.

टिटवी


१७ एप्रिल

टिटवी,

जागा होती. मी काल त्यांना कळवलं की माझी भाची येणार नाही.

पळून आलेल्या माणसाला मी माझ्या खात्यात पाठवत नाही. तिथे तू टाकी काढशील, ती गळेल, आणि तू माझ्याकडे पत्र लिहिशील की तुझ्या ओळखीचं तिसरं एखादं खातं आहे का.

ढाल घेताना साहेब चांगला होता. पिंपाचं झाकण उडालं तेव्हा साहेब वाईट झाला. तो पहिल्या दिवसापासून तेवढाच आहे. तो होईल म्हणाला. सही तू केलीस.

दारं उघडी राहतात हे मात्र लिही. पुढे हेही लिही की ती दारं आहेत म्हणून उघडतात.

आत्या


२२ एप्रिल

आत्या,

ठीक.

अहवाल दिला. 'यंत्र लहान आहे. मला निवडतानाच माहीत होतं.' एवढाच. होईलसाहेब कागद दोन बोटांत धरून म्हणाले, ''हे कंपनीच्या कागदावर लिहितात का?'' मी म्हटलं, ''मग कुणाच्या कागदावर लिहू?''

एक उपाय सुचलाय. तुला सांगणार नाही. सांगितला की तू पेन काढशील, आणि मला सध्या तुझं पेन नको आहे. तुझा शब्दही नको आहे. तुझ्या खात्यातली जागा तर नकोच.

टि.


५ मे

चि. टिटवी,

मी तुझ्या पाववाल्यांकडे जाऊन आले. तुला न कळवता. कळवलं असतं तर तू गाडीच्या रुळांवर आडवी पडली असतीस.

तू तिथे नव्हतीस. तुझा उपाय मात्र थोरल्यांच्या ऑफिसात फरशीवर पसरलेला होता, खडूने आखलेला. टाकी. कल्पना चांगली आहे. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. मळणी पहाटेपासून दुपारपर्यंत, मग मिक्सर थंड आणि यंत्रही फुकट उभं. त्या रिकाम्या वेळात लहान यंत्राने गार पाणी करून टाकीत साठवायचं, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र नि टाकी मिळून पुरवायचं. बरोबर आहे. पण तू आखलेली ती टाकी नाही, पोहण्याचा हौद आहे. एवढ्या पसरट टाकीत गार पाणी आणि मिक्सरवरून परत आलेलं गरम पाणी एकत्र मिसळणार, आणि तुला मिळणार दोन्ही कोमट. मी खडू मागून घेतला, तुझ्या आखणीवर फुली मारली आणि शेजारी लिहिलं : उभी हवी, उंच हवी. गार खाली राहतं, गरम वर.

थोरल्यांनी विचारलं, ''आपण कोण?''

''टाक्या काढणारी बाई. त्या पोरीची आत्या. खाली मिक्सरांमध्ये जागा नाही. तुमची खोली रिकामी करून द्या, टाकी इथेच बसेल.''

''ही माझी बसायची खोली आहे.''

''बसून करता काय? कामं तर सगळी खाली होताना दिसतायत. माशा मारायला एवढी मोठी खोली कशाला?''

गृहस्थ समंजस निघाले. ''बघू, करू काहीतरी,'' म्हणाले, स्वतः फाटकापर्यंत सोडायला आले. तुला जे दोन आठवडे जमलं नाही ते मी एका बैठकीत उरकलं. तुमच्या त्या विक्रीच्या विद्येत एवढं काय असतं ते मला खरंच कळलेलं नाही.

तुझी आत्या


१० मे

आत्या,

तू उरकलंस खरं. सगळंच उरकलंस.

'बघू, करू काहीतरी' याचा अर्थ तुला तीस वर्षांत कुणी सांगितला नाही? घरी आलेल्या वडीलधाऱ्या बाईला लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत, म्हणून ते तसं म्हणाले. फाटकापर्यंत आले ते तू नक्की गेलीस ना हे पाहायला. तुझी पाठ वळल्यावर त्यांनी फरशी धुवून घेतली, आणि मला फोन केला. ''ज्या घरची माणसं आम्हांला माशा मारणारे म्हणतात, त्यांची टाकी आम्हांला नको. यंत्रही घेऊन जा.''

मी त्या खोलीसाठी रोज जात होते. एक दिवस फरशी मोजू दिली. दुसऱ्या दिवशी खडू चालवू दिला. माणूस हळूहळू सरकतो, आत्या. पाणी गार व्हायलासुद्धा वेळ लागतो, हे तुझ्या पुस्तकात आहे ना?

नाकाने कांदे सोलणाऱ्यांना एक सोय असते. त्यांच्या डोळ्यांना पाणी येत नाही.

आता मी उद्यापासून पुन्हा त्यांच्या दारात. तू येऊ नकोस. पत्रही लिहू नकोस.

टिटवी


२९ मे

ती. आत्या,

तू खरंच पत्र लिहिलं नाहीस. पहिल्यांदाच माझं काही ऐकलंस, म्हणून हे सविस्तर.

मी गेले. थोरल्यांनी बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. टाकीचा विषय काढायचा नाही असं ठरवून मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. दोन दिवस. आमच्या हसायला शिकवणाऱ्या बाईंनी हे शिकवलं नव्हतं, आणि मला हसायलाही येत नव्हतं.

दुसरं काही करण्यासारखं नसलं की माणूस नीट बघतो. थोरल्यांची खुर्ची टेबलाकडे वळलेली नसते. ती काचेकडे असते. काचेतून खालचे मिक्सर दिसतात आणि धाकटे दिसतात. दुपारी धाकटे वरचा पट्टा बघायला शिडीवर चढले. थोरले उठून उभे राहिले. हातातला कागद हातातच. धाकटे खाली उतरेपर्यंत ते बसले नाहीत. मग बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ''त्यांना सांगा, शिडी धरायला माणूस ठेवत जा.''

मी खाली जाऊन सांगितलं. धाकटे म्हणाले, ''त्यांना सांगा, ठीक आहे.''

तेव्हा मला कळलं की प्रश्न खोलीचा नव्हताच. माझी ती पसरट टाकी आली असती तर ती काच झाकली गेली असती. मी इतके दिवस त्या माणसाला खोली सोड सांगत होते, तू एका बैठकीत सांगितलंस. दोघींनाही ठाऊक नव्हतं की आपण काय मागतोय.

मी वर गेले आणि म्हटलं, ''टाकी उभी करू. सडपातळ. त्या मागच्या कोपऱ्यात बसेल, छप्पर थोडं कापावं लागेल. तुमची खुर्ची हलायची नाही, काचही नाही.''

त्यांनी मागच्या कोपऱ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, ''हे त्या बाई म्हणत होत्या ना, उंच हवी?''

''हो.''

''बाई तोंडाच्या फाटक्या आहेत.''

''हो.''

''पण टाकीचं कळतं त्यांना.''

मी म्हटलं, ''टाकीचंच कळतं.'' तुझ्या वतीने एवढं बोलायचा अधिकार मी घेतला.

उरलं आमचं ऑफिस. होईलसाहेब आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, ''नाही होणार.'' विकून झालेल्या यंत्रासाठी कंपनी टाकी का देईल? मग धाकटे स्वतः आले, पिठाच्या कपड्यांत, त्या अत्तराच्या खोलीत. म्हणाले, ''आमच्या संघटनेची सभा आहे. सगळे पाववाले येतात. यंत्र कुणाचं घ्यावं, विचारतात मला.'' बस्स. साहेबांच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली. टाकी पलीकडच्या इमारतीत तयार झाली. परवानगी न घेता मी तीन वेळा तिथे गेले. कुणीही बिघडलं नाही.

टाकी बसली. परवा कहर ऊन होतं. मळणी दुपारपर्यंत अखंड चालली, पीठ भांड्यातच राहिलं. मळणी संपल्यावर धाकटे काचेबाहेरच्या जिन्याने वर आले, काचेवर टकटक केली आणि थर्मामीटर काचेला लावून धरला. थोरल्यांनी चष्मा लावून आकडा वाचला, मान हलवली. बोलले नाहीत. पण मधे मी नव्हते.

आता आमच्या कंपनीची अक्कल ऐक. ग्राहकापुढे चूक कबूल केली म्हणून माझी उमेदवारी सहा महिने वाढवली. आणि त्याच आठवड्यात होईलसाहेबांनी रंगीत पत्रक छापलं : 'आमची नवी टाकी-योजना, लहान यंत्रात मोठा थंडावा.' वर त्यांचा फोटो आहे. खालच्या चित्रात टाकी आडवी पडलीय. छापखान्यात चित्र उलटं धरलं असणार.

डिझाइनमध्ये येत नाही. तू जागा घालवलीस म्हणून नाही. पुढच्या आठवड्यात बर्फाच्या कारखान्यात जायचंय, तिथला मालक म्हणे माणसांना दारातच शिव्या देतो. मला त्याला बघायचंय.

थोरले विचारत होते, त्या बाई टाकी बघायला येणार का.

टिटवी


३ जून

चि. टिटवी,

पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका सांगत बसत नाही, उन्हाळा आहे.

माझ्याविषयी 'टाकीचंच कळतं' म्हणालीस. लोकांपुढे माणसाची किंमत इतकी नेमकी सांगायची नसते. तुझ्या धंद्यात तर नाहीच.

'बघू, करू' ही भाषा मला समजली नाही, हे खरं आहे. आमच्या खात्यात माणसं 'होतं' किंवा 'होत नाही' एवढंच बोलायची. बाकीचं तुम्ही लोक बाहेरच्या बाहेर ऐकून घेत होतात, आणि आम्ही समजत होतो की तुम्ही जेवणावळी करताय. काही जण जेवणावळीच करत होते, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तुझ्या त्या फोटोवाल्या साहेबाबद्दल तर मुळीच नाही. त्याला सांग, टाकी आडवी छापली आहेस तर स्वतःचा फोटो तरी उभा कशाला?

उमेदवारी वाढवली ते बरं झालं. इतक्या लवकर कायम झालेली माणसं मला आवडत नाहीत.

मी तीस वर्षांत शेकड्यांनी टाक्या काढल्या. नकाशा खिडकीतून पुढे द्यायचा, सही घ्यायची, की पुढचा नकाशा. कारखाना पलीकडच्या आवारात, गिऱ्हाईक त्याच्याही पलीकडे. मी काढलेली एकही टाकी मी पाण्याने भरलेली पाहिलेली नाही. हात लावून आतलं पाणी कुठवर गार आहे, कुठून कोमट होतं, तो सांधा बाहेरून बोटांना कळतो म्हणतात. मला ठाऊक नाही.

सोमवारच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस, मला पत्ता विचारता येतो. थोरल्यांना सांग की त्यांच्या खोलीविषयी मी एक अक्षर बोलणार नाही, आणि धाकट्यांना सांग शिडी लागेल, मला वरपर्यंत जायचंय. ती धरायला कुणीतरी लागेल. दोघांपैकी कुणीही चालेल.

तोवर टाकी रिकामी करू नका.

आत्या